काउंट स्वतःच अंथरूण घालतो

‘ड्रॅक्युला’ रात्री एकटीने वाच, असा सल्ला मिळाला होता. वाचलं. भीती राहिली बाजूला, शेजारच्या मावशी मालिका बघताना टीव्हीशी भांडतात तशी मी पुस्तकाशी भांडत बसले.

ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ साली आली, तेव्हा काउंट ड्रॅक्युला हे रक्त पिणारं पिशाच्च आहे, हे वाचकाला माहीत नव्हतं. आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यामुळे जोनाथन हार्कर हा वकील ट्रान्सिल्व्हेनियाला काउंटच्या वाड्याकडे निघाला, की आपला जीव वरखाली. खानावळीची मालकीण गुडघे टेकून ‘जाऊ नका’ म्हणते, गळ्यात क्रूस घालते. आणि साहेबांच्या डायरीत काय, तर पॅप्रिका घातलेल्या कोंबडीची कृती होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी मागून घ्यायची!

काउंट मात्र मला आवडला. एवढा मोठा सरदार, पण वाड्यात नोकर एकही नाही. घोडागाडी तोच हाकतो. हार्कर बघतो तर हा चक्क पाहुण्याचं अंथरूण घालतोय. पुढे दाराच्या फटीतून दिसतं, की टेबलही तोच मांडतो. फावल्या वेळात सोफ्यावर पडून इंग्लंडच्या रेल्वेचं वेळापत्रक वाचतो. रक्ताचं सोडलं तर नाव ठेवायला जागा नाही.

चिडचिड झाली ती बाकीच्यांची. मीनाची मैत्रीण लुसी, काउंट तिचं रक्त पितो, म्हणून तिला चौघांचं रक्त देतात. रक्तगट सापडले १९०१मध्ये, तेव्हा तिथे स्टोकरला माफ. पण तिच्यावर उपचार करणारा व्हॅन हेल्सिंग पिशाच्चाला दूर ठेवायला खोलीभर लसणाची फुलं लावतो आणि कोणाला ताकास तूर लागू देत नाही. लुसीच्या आईला तो वास सहन होत नाही. ती फुलं काढते, वर खिडकीही उघडते. अहो, काहीतरी थाप मारायची, पण त्या फुलांना हात लावू नका एवढं तरी सांगायचं!

लुसीचा दुसरा डॉक्टर सीवर्ड डायरी फोनोग्राफवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बोलून ठेवतो, पण त्यातला हवा तो भाग शोधायचा कसा, हे त्यालाच ठाऊक नाही. शेवटी मीना सगळं ऐकून टाइप करते, सगळ्यांच्या डायऱ्या तारखेनुसार लावते. मग पुरुषमंडळी ठरवतात, की हे बायकांचं काम नव्हे, तू झोप. आणि शेजारी काउंटने इंग्लंडात घेतलेलं घर धुंडाळायला जातात. इकडे काउंट धुकं होऊन मीनाच्या खोलीत! सकाळी नवरा बघतो, बायको पांढरीफटक. दमली असेल, म्हणतो. लुसी अशीच पांढरी पडत मेली, त्याला किती दिवस झाले हो?

सिनेमांनी गाजवलेली, पिशाच्चाच्या छातीत ठोकायची लाकडी खुंटी काउंटच्या वाट्याला आलीच नाही. हार्करची कुकरी आणि त्याचा साथीदार मॉरिसचा सुरा, संपलं. तेही आपल्याला कळतं ते मीनाच्याच डायरीतून.