लग्नाआधी पोरीला बाईच्या डॉक्टरकडे नेऊ नका, म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक बचत गटाचा, एक भावकीचा, दोन शाळेच्या पालकांचे. मजकूर असा: "आयांनो, सावध व्हा! लग्नाआधी पोरीला बाईच्या डॉक्टरकडे नेऊ नका. तिथं आतून तपासतात, त्यात पडदा फाटतो, मग सासरी काय उत्तर देणार? सोनोग्राफीच्या किरणांनी पिशवी कमजोर होते. पाळीचं दुखणं लग्न झालं की आपोआप थांबतं. आणि एकदा त्यांच्या हाती सापडलात की पिशवी काढायलाच लावतात. बीडमध्ये काय झालं ते आठवा. दहा ग्रुपवर पाठवा."

मी सरकारी रुग्णालयांत स्टाफ नर्स होते. नोकरीतली बहुतेक वर्षं बीड आणि लातूरकडे, स्त्रीरोगाच्या ओपीडीत गेली. तपासणीच्या टेबलाशेजारी जी सिस्टर उभी असते, ती मी. ज्या आईनं हा मेसेज पुढं पाठवला, तिनं लेकीच्या काळजीपोटीच पाठवला हे मला कळतं. त्यातली एक गोष्ट खरीही आहे, तिच्याकडे शेवटी येते. बाकीचं मात्र एकेक करून खोडून काढणं भाग आहे, कारण या भीतीपायी उशिरा आणलेल्या पोरी मी डोळ्यांनी पाहिल्यात.

आधी "आतून तपासतात" हे घेऊ.

पहिल्या खेपेला बहुतेक मुलींची आतून तपासणी होतच नाही. पहिली भेट म्हणजे मुख्यतः बोलणं. केसपेपर काढायचा, वजन आणि बीपी बघायचं, मग डॉक्टर विचारतात: पाळी कितव्या वर्षी आली? शेवटची कोणत्या तारखेला? किती दिवस चालते, दिवसाला किती पॅड किंवा कापडं लागतात, गाठी पडतात का? दुखण्यानं शाळा बुडते का? पांढरं जातं का, त्याला वास किंवा खाज आहे का? त्यानंतर पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का ते बघतात, गळ्याला हात लावून थायरॉइडचा अंदाज घेतात, हनुवटीवर केस किंवा खूप मुरमं आहेत का बघतात आणि कुर्ता जरासा वर करून पोट वरून दाबून पाहतात. गरज वाटली तर रक्त तपासायला पाठवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींत रक्तक्षय आढळला होता, तेव्हा ही रक्ताची तपासणी वाया जात नाही.

खाज, जखम, गाठ किंवा पाळीच आली नाही अशी तक्रार असेल तर डॉक्टर बाहेरून बघतात. त्यासाठी सलवार काढावी लागते, कमरेवर चादर असते आणि ते मिनिटभरात उरकतं. काय बघणार आणि का, हे आधी सांगायला हवं. सांगितलं नाही तर विचारा. मुलगी "थांबा" म्हणाली की थांबायचं.

आतली तपासणी असते, ती कशी होते हेही सांगते, कारण न सांगितल्यानंच तिचा बाऊ होतो. ती मुख्यतः शरीरसंबंध आलेल्या स्त्रियांची, आणि तीही कारण असेल तेव्हा. आधी लघवी करून यायचं. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे. स्पेक्युलम नावाचं बदकाच्या चोचीसारखं साधन हळूच आत घालून पिशवीचं तोंड बघतात. मग हातमोजा घातलेली दोन बोटं आत आणि दुसरा हात पोटावर ठेवून पिशवीचा आकार, दुखरी जागा बघतात. दोन-तीन मिनिटांचं काम. दाब जाणवतो. अंग आवळून धरलं तर दुखतं, तोंडानं सावकाश श्वास सोडला तर कमी जाणवतं. टेबलावर किती जणींचा हात धरून मी त्यांना श्वास मोजायला लावलाय.

इथं आयांना एक सांगायचंय. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आपल्याकडे तिशीनंतरच्या बायकांसाठी आहे, म्हणजे ती लेकीची नाही, तुमची आहे. या तपासणीचा जगातला एक मोठा अभ्यास आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केली, तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये तो छापून आला आणि जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. लेकीला घेऊन आलात तर त्याच दिवशी स्वतःचंही विचारून घ्या.

अजून एक. डॉक्टर विचारतात, "लग्न झालंय का?" त्यांना जाणून घ्यायचं असतं शरीरसंबंध आलाय का. गरोदरपणाची शक्यता आहे का आणि कोणती तपासणी करायची, हे त्यावर ठरतं. पण प्रश्न नीट न विचारल्यानं पोरगी घाबरते. मी काम केलेल्या एका ठिकाणी भरल्या ओपीडीत, रांगेसमोर हा प्रश्न मोठ्यानं विचारला गेला होता. ती पोरगी केसपेपर टाकून निघून गेली, परत आली नाही. ही चूक आमची होती. हे विचारायचं ते दार लावून, आणि आई पाच मिनिटं बाहेर असताना. मुलीनं आत सांगितलेलं डॉक्टर गावभर करत नाहीत. मात्र एक कायदा माहीत असू द्या: १८ वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध आल्याचं कळलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत, तिनं आणि पालकांनी विनंती केली तर त्या कळवण्यात तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. हे लपवून मी कुणाला दवाखान्यात बोलावणार नाही.

आता पडदा.

पडदा हा शब्दच घात करतो. दाराला टांगल्यासारखं काहीतरी बंद असतं आणि ते फाटतं, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. खरं तर ती योनीच्या तोंडाशी असलेली लवचिक कातडीची किनार आहे, तिला मधे वाट असतेच. वाट नसती तर पाळीचं रक्त बाहेर कुठून आलं असतं? कुणाची किनार रुंद, कुणाची नावापुरती. संबंध आला म्हणून ती फाटतेच असं नाही, आणि ती बघून संबंध आलाय की नाही हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं की कौमार्य तपासणीला शास्त्रीय आधार नाही. बलात्कार पीडितेची "दोन बोटांची चाचणी" सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये चुकीची ठरवली. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात तर ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, इथपर्यंत सांगितलं. सासरच्यांनी "तपासून आणा" म्हटलं तर त्यांना एवढंच सांगा की अशी तपासणीच नसते.

मला आठवते ती पंधरा वर्षांची पोरगी. पाळी आलेली नव्हती, पण दर महिन्याला तीन-चार दिवस पोट धरून रडायची. आधी जंताचं औषध झालं, मग देवऋषी झाला. चुलती म्हणाली बाईच्या डॉक्टरला दाखवू, तर आई म्हणाली, "लगीन व्हायचंय तिचं." शेवटी लघवी तुंबली तेव्हा रात्री कॅज्युअल्टीला आणली. "लई दुखायलंय ओ सिस्टर," एवढंच म्हणत होती. तिच्या त्या किनारीला जन्मतःच वाट नव्हती, आणि महिनोनमहिन्यांचं रक्त आत साठून मूत्रमार्गावर दाबत होतं. हजारो मुलींत एखादीला असं असतं. भूल देऊन छोटीशी चीर द्यायची, बस. दुसऱ्या दिवशी ती चालत लघवीला गेली. तिची आई ज्या पडद्याला जपत होती, दुखणं तिथंच होतं. वर्षभर आधी आणली असती तर नुसतं बाहेरून बघून कळलं असतं.

सोनोग्राफीचं थोडक्यात. तिच्यात किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. किरण एक्स-रे आणि सीटी स्कॅनला. मुलींची सोनोग्राफी पोटावरूनच करतात: चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायची, पोटावर थंड जेल लावतात. लघवी रोखून धरण्यापलीकडे त्रास कसलाच नाही.

"लग्न झालं की दुखणं थांबतं" या वाक्याची मात्र मला चीड आहे. पाळीत पिशवी आकसते ती प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे. ती जास्त तयार झाली की कळा जास्त. लग्नाचा त्यांच्याशी संबंध नाही. बाळंतपणानंतर काही जणींच्या कळा कमी होतात, हे खरं. पण कळा थांबवायला डॉक्टरांनी सांगितलेली साधी गोळी दुखणं सुरू होताच घेतली तर बहुतेकींना पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांना एंडोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार, असू शकतो. जगात सुमारे दहातल्या एका बाईला तो असतो, आणि अक्षता पडल्यानं तो जात नाही. उलट मूल राहायला अडचण आल्यावर सासरी कळतो आणि दोष पोरीला लागतो.

आणि हे वाक्य फिरतंय कुठं? वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के होत्या. परभणीत ४८ आणि बीडमध्ये जवळपास ४४. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन साखर कारखान्याला निघताना वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, या घोरात लग्न उरकणारी घरं मी जवळून पाहिलीत. तिथं "पोट दुखतंय ना, मग लग्न करून टाका" हा सल्ला अठराच्या आत बाळंतपण पदरात टाकतो.

आता ती खरी गोष्ट, पिशवीची.

बीडमध्ये जे झालं ते झालं. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांतली एक. तिशी-पस्तिशीच्या बायका. आमच्याकडे कंबर आणि हाडं दुखतात म्हणून येणाऱ्या कितीतरी जणींच्या जुन्या फायलीत एक सोनोग्राफीचा कागद आणि लगेच ऑपरेशनची तारीख दिसायची. मधे ना गोळ्यांचा कोर्स, ना पिशवीच्या तोंडाची तपासणी. पांढरं जातंय एवढीच तक्रार असायची, आणि "कॅन्सर होईल" या एका शब्दावर सही झालेली असायची. ऊसतोडीच्या पालावर पाणी नाही, आडोसा नाही, खाडा केला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून जंतुसंसर्ग अंगावर काढायचा आणि सहन होईना तेव्हा जे सांगतील ते करायचं. तुमची भीती या बायकांकडून आलीय, तिला मी खोटं म्हणणार नाही.

पण त्या बायका पहिल्या वर्षी, पहिल्या खाजेला तपासायला आल्या असत्या आणि त्यांना नीट तपासलं असतं, तर बहुतेकींचं काम गोळ्यांवर भागलं असतं. आता बीडमध्ये खाजगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते, असा नियम झाला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रियांवर लक्ष ठेवायला सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत तो लिहिलेला आहे. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी बाई खोलीत हवी, हेही त्याच सनदेत आहे. कुणी ऑपरेशन सुचवलं तर विचारा: आजाराचं नाव काय? औषधानं होणार नाही का? कॅन्सर कोणत्या रिपोर्टवरून म्हणता? सगळे कागद मागून घ्या आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला दाखवा.

कधी न्यायचं? पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तीन महिने चुकली, सात दिवसांच्या पुढं चालते, तासा-दोन तासाला पॅड भिजतो, दुखण्यानं शाळा बुडते, पांढऱ्याला वास किंवा खाज आहे, तेव्हा. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, आशाताईला विचारा. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत आहेत.

येताना मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून आणा, मेडिकलवरून घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं आणा, पाण्याची बाटली आणा. पाळी चालू असली तरी चालतं. रक्त जास्त जात असेल तर उलट तेव्हाच या. पोरीला काही वेगळं विचारायचं असेल तर तिनं ते चिठ्ठीवर लिहून सिस्टरच्या हातात दिलं तरी पुरतं. अशा चिठ्ठ्या मी पुष्कळ घेतल्यात, आणि डॉक्टरांनी वाचल्यावर फाडून टाकल्यात.