घोडी का अडली?

कागदावरच्या शेळीइतकं गुणी जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून मी आजवर '10 शेळ्या अधिक 1 बोकड' असे किती गट मंजूर केले, त्याची गणती नाही. ही शेळी दोन वर्षांत तीनदा विते, दर वेताला दोन करडं देते, आजारी पडत नाही, आणि मुख्य म्हणजे ओरडत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आमच्या उंटाला चाकं होती आणि तो गोल फिरायचा, एवढंच.

यंदा होळीला सासुरवाडीला गेलो. गाव शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. दादर ज्वारी काढून झालेली, बांधावरचा पळस बिनपानाचा लालभडक, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा. आमच्या खानदेशात वसंत ऋतू सकाळी सहा ते नऊ असतो. त्यानंतर थेट उन्हाळा. पण ते तीन तास असे, की माणसाला उगाच वाटतं, नोकरी सोडून जनावरं पाळावीत.

मी हे जेवताना बोलून दाखवलं. तिथेच चुकलो.

"बरं झालं, जवाईबुवा," मामा म्हणाले. "उद्या दोंडाईच्याला लगीन शे. आम्ही बठ्ठे जातो, रात्री येतो. सात बकऱ्या, तीन पिलं आणि घोडी. बकऱ्यांचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर बँकेतले!"

बायको भाकरीत तोंड लपवून हसत होती.

घोडीचं थोडं सांगायला हवं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथला घोडेबाजार प्रसिद्ध आहे. मामा गेले होते दत्ताच्या दर्शनाला, येताना घोडी घेऊन आले. चारही पाय पांढरे, तोंडावर पांढरा पट्टा, म्हणजे पंचकल्याणी. नाव बिजली. विकणाऱ्याने हे नाव वेगावरून ठेवलं असं सांगितलं म्हणे. माझ्या मते लोडशेडिंगवरून ठेवलं असावं.

सकाळी सगळे गेले आणि मी नवा पांढरा कुर्ता-पायजमा घालून गोठ्यात शिरलो. जावई आहे, लुंगीवर कसा जाणार?

बकरी काहीही खाते, हा मोठा गैरसमज आहे. मी हरभऱ्याचं भुसकट टाकलं, त्यातलं थोडं शेणामातीत सांडलं. सांडलेल्याला एकीनेही तोंड लावलं नाही. काळ्या बकरीने वरचा ओठ हलवत ते हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच तिच्या दारात कर्ज मागायला उभा आहे. बकरीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, पाटीवर मारलेल्या रेघेसारखी. त्या नजरेत दया शोधू नये. भुसकट नाकारणाऱ्या ह्याच बाईने पुढच्या मिनिटाला माझ्या पायजम्याची नाडी मात्र चवीने चघळायला घेतली. एका हाताने नाडी आणि दुसऱ्याने अब्रू सांभाळत खाली वाकलो, तर चार दिवसांचं करडू पाठीवर चढलं. चार टाचण्यांसारखे खूर. एक चढलं म्हणून दुसरं चढलं. तिसऱ्याला जागा उरली नाही, म्हणून ते डोक्याचा विचार करत होतं.

खरं सांगू? त्या ओणव्या अवस्थेतही बरं वाटत होतं. त्यांच्या पोटाची ऊब पाठीला लागत होती. कर्जाच्या एकाही फाईलमध्ये ही ऊब कधी लागली नाही.

मग खरारा. दिवस मोठा व्हायला लागला की घोडी हिवाळ्याची लव टाकते. ब्रश फिरवला की मूठमूठ केस. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे घासलं, तर बिजलीचे डोळे अर्धे मिटले. वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला. आपण कोणाला इतकं सुख देऊ शकतो हे लग्नाला बारा वर्षं झाल्यावर मला प्रथमच कळलं. मी दुप्पट जोराने घासू लागलो. मला ठाऊक नव्हतं ते असं, की घोडे एकमेकांचे खांदे दातांनी खाजवतात आणि घेतलेलं ऋण ठेवत नाहीत. बिजलीने मान वळवली आणि माझ्या खांद्याची परतफेड केली. एकरकमी.

मी ओरडलो. बकऱ्या ओरडल्या. घोडी चकित झाली. एवढं प्रेमाने केलं, तर ह्याला झालं काय?

दुपारी उन्हं कलल्यावर तिला फिरवायला काढली, बकऱ्याही मागोमाग घेतल्या. वाटेत पाटाच्या कडेला बाभळीच्या काट्यात प्लास्टिकची पिशवी फडफडत होती. बिजली थांबली. म्हणजे थांबलीच. मी पुढून ओढलं. मग मागे जाऊन ढकलावं म्हटलं. भाकरी का करपली, पान का कुजलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. हे शाळेत पाठ होतं. पण मी तर फिरवतच होतो! मागे सगळ्या बकऱ्या पाटाची कड सोडून कोणाच्या तरी पपईत उतरायच्या बेतात.

"कसाले वढी राहिनात भाऊ?" मोहाखाली सुकलेली फुलं टोपलीत भरत बसलेली एक आजी विचारत होती.

"अडली आहे हो, आजी."

"ती घोडी शे, बँक नही. मांगे नका जावू, लाथ मारी." आजी उठली, दोरी माझ्या हातातून घेतली, घोडीचं तोंड त्या पिशवीकडे नीट वळवलं आणि गप्प उभी राहिली. घोडीला आजूबाजूचं जवळजवळ सगळं दिसतं; दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या मागचं. मी आळीपाळीने नेमका त्याच दोन जागी उभा राहत होतो. बिजलीने कान टवकारून पिशवी पाहिली, फुरफुरली, आणि चालायला लागली. बकऱ्यांसाठी आजीने टोपलीतली मूठभर मोहफुलं उधळली. सातही जणी पपई सोडून पळत आल्या.

रात्री सगळे परतले. मामींनी कुर्ता पाहिला, केस पाहिले, नाडीच्या जागी बांधलेली सुतळी पाहिली, आणि काही न बोलता शेवभाजीत तर्री जास्त वाढली.

"करमलं ना?" मामा.

"मस्त," मी म्हणालो आणि खांदा चोळला.

सोमवारी टेबलावर नवा शेळीगटाचा अर्ज आला. 10 अधिक 1. प्रकल्प अहवाल नेहमीचाच. तिसऱ्या पानावर मजुरीचा रकाना होता: 'घरातील व्यक्ती, मजुरी निरंक.'

अर्जदार समोर बसला होता. मी लाल पेनाने 'निरंक' भोवती गोल केला आणि विचारलं, "घरातली व्यक्ती म्हणजे नेमकी कोण?"

"जावई शे ना साहेब," तो म्हणाला. "त्याले जनावरांची लई आवड."