‘मेंदूत चरबीच नाही, मग ती दाबायची कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मेंदूच्या एमआरआयमध्ये चरबीचा सिग्नल दाबण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: मेंदूच्या आत सुटी चरबी नसते, त्यामुळे या खटाटोपाने तपासणीचा वेळ तेवढा वाढतो; आणि तो करायचाच असेल, तर ‘स्टर’ (STIR, चरबीचा सिग्नल शून्यावर असतानाच प्रतिमा घेण्याची रीत) ही एकच पद्धत सगळीकडे पुरेशी आहे.

पहिला मुद्दा शरीररचनेपुरता बरोबर आहे. मायेलिनमध्ये (मज्जातंतूंवरच्या आवरणात) मेदद्रव्ये भरपूर असली तरी ती पटलांत इतकी जखडलेली असतात की त्यांचा सिग्नल नेहमीच्या प्रतिमेत उमटण्याआधीच विरून जातो. अडचण होते ती डोक्याच्या त्वचेखालच्या, कवटीच्या मज्जेतल्या आणि डोळ्यांच्या खोबणीतल्या चरबीची. पाण्याच्या तुलनेत चरबीतील प्रोटॉनांची वारंवारता सुमारे ३.५ पीपीएमने (दशलक्षांशाने), म्हणजे १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकावर २२० आणि ३ टेस्लावर ४४० हर्ट्झच्या आसपास कमी असते. आणि यंत्र सिग्नलची जागा वारंवारतेवरूनच ठरवत असल्याने चरबी असते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. साध्या स्पिन एकोत (नेहमीच्या प्रतिमापद्धतीत) ३ टेस्लावर प्रति पिक्सेल २०० हर्ट्झ बँडविड्थ (एका पिक्सेलच्या वाट्याला येणारा वारंवारतेचा पट्टा) असेल, तर ही चूक दोनेक पिक्सेलची होते. तेवढ्यासाठी चरबी दाबू नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे.

डिफ्युजनचे, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या प्रतिमेचे, गणित मात्र वेगळे आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इपीआय या अतिजलद पद्धतीत फेज एन्कोडिंगच्या दिशेने (प्रतिमेच्या दोन अक्षांपैकी एकाच्या) बँडविड्थ प्रति पिक्सेल ३० हर्ट्झपर्यंत खाली येऊ शकते. तेव्हा ३ टेस्लावर चरबी १४-१५ पिक्सेल सरकते. पिक्सेल २ मिलिमीटरचा धरला, तर जवळपास ३ सेंटिमीटर. त्वचेखालच्या चरबीची चंद्रकोर थेट मेंदूच्या पश्चखंडावर येऊन बसते. शिवाय चरबीचे रेणू पाण्याच्या तुलनेत फारच संथ हलत असल्याने बी-मूल्य (प्रतिमा रेणूंच्या हालचालीला किती संवेदनशील, याचे माप) १००० केले की मेंदूचा सिग्नल उतरतो, पण ही कोर तशीच चकचकीत राहते आणि घाईत पाहणाऱ्याला ताज्या इन्फार्क्टची (रक्तपुरवठा तुटून मेलेल्या भागाची) शंका येते. (अशा वेळी विंडो, म्हणजे उजळपणाचा दाखवला जाणारा पल्ला, रुंद करून पाहावे, कोर मेंदूच्या कडेबाहेरही गेलेली दिसली, तर ती चरबीच.) हे टाळायला लागणारा फॅट सॅटचा (चरबीच्या वारंवारतेवर नेम धरून तिचा सिग्नल पुसणारा) पल्स प्रत्येक स्लाइसमागे काही मिलिसेकंदांचा असतो, वेळेची तक्रार येथे टिकत नाही.

आता स्टर. चुंबकीय क्षेत्र असमान असले तरी ती पद्धत चरबी दाबते, हा तिचा मोठा गुण. पण ती चरबी ओळखते ती केवळ टी१ (ऊतीचा सिग्नल पूर्ववत होण्याचा काळ) वरून, आणि गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्यामुळे टी१ आखूड झालेली ऊतीही त्याच सपाट्यात सापडू शकते. ऑप्टिक न्यूरायटिसच्या (डोळ्याच्या नसेच्या दाहाच्या) रुग्णात कॉन्ट्रास्ट दिल्यानंतर जी नस उजळलेली पाहायची, तिचाच सिग्नल खाल्ला जाण्याचा धोका असतो. म्हणून खोबणीसाठी स्टर कॉन्ट्रास्टपूर्वी घ्यावी, आणि नंतरच्या टी१ प्रतिमांसाठी वारंवारतेवर आधारलेले फॅट सॅट किंवा १९८४ साली मांडली गेलेली, पाणी आणि चरबी यांच्या वेगळ्या प्रतिमा काढणारी डिक्सन पद्धत वापरावी. सायनसमधील हवेजवळ क्षेत्र बिघडून फॅट सॅट फसते, कधी चुकून पाणीही दाबते; अशा जागी माझा कल डिक्सनकडेच आहे.

स्पेक्ट्रोस्कोपीचा (ऊतीतील रसायनांचा आलेख काढणाऱ्या तपासणीचा) उल्लेख आपल्या प्रतिक्रियेत नाही. लॅक्टेटचे शिखर १.३३ पीपीएमला येते आणि चरबीचे मुख्य शिखर जवळजवळ तेथेच. व्होक्सेल (मोजणीचा ठोकळा) कवटीलगत ठेवून बाहेरचा सिग्नल पुसणारे सॅच्युरेशन पट्टे लावले नाहीत, तर अहवालात वाचलेले लॅक्टेट खरे की त्वचेखालच्या चरबीचे, हे त्या आलेखावरून सांगणे अवघड होते.