तास नऊ का दहा, पण ते लिहून ठेवतंय कोण?

महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांच्यासाठी रोजचे कामाचे तास ९ वरून १० करायचं ठरवलं, तेव्हापासून आमच्या सोलापूरच्या शाळेच्या ग्रुपवर जे भांडण पेटलंय ते काही विझायचं नाव घेत नाही. ग्रुपमध्ये हॉटेलवाले आहेत, एकाचं सात रस्त्याजवळ, एकाचं पुणे हायवेला, आणि त्यांचं म्हणणं असं की तुला काय जातंय मेलबर्नमध्ये बसून बोलायला, तुमच्याकडं परवडतंय म्हणून देतात, इथं गिऱ्हाईक थाळीला दहा रुपये वाढवले तर तोंड वाकडं करतंय, आम्ही पोरांना जेवायला घालतो, राहायला देतो, वर पगार देतो, अजून काय करायचं?

मला या वादात सगळ्यात जास्त खटकतं ते हे की सगळे ९ का १० यावर भांडायलेत, आणि ज्या पोरांबद्दल बोलणं चाललंय ती सकाळी टेबलं पुसण्यापासून रात्री शेवटचं पातेलं घासेपर्यंत चौदा-चौदा तास उभी असतात. त्यांच्यासाठी ९ पण खोटं आणि १० पण खोटं, कारण त्यांचे तास कुठं लिहिलेलेच नसतात.

आता "तुमच्याकडं परवडतं" याबद्दल. ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ मध्ये किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअलला, म्हणजे कायम नोकरी नसलेल्याला, त्यावर २५ टक्के जास्त, शनिवार-रविवारचा दर अजून वेगळा. हे सगळं खरं आहे, पण म्हणून मालक ते गुपचूप देतात असं अजिबात नाही. जॉर्ज कॅलोम्बारिस हे नाव टीव्हीवर मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया बघितलेल्यांना माहिती असेल, परीक्षक होता. २०१९ मध्ये बाहेर आलं की त्याच्या कंपनीनं आपल्या रेस्टॉरंटमधल्या ५०० च्या वर लोकांचे मिळून ७८ लाख डॉलर कमी दिले होते. पद्धत साधी होती, वर्षाचा एक ठोक पगार ठरवायचा आणि मग माणूस आठवड्याला किती तास राबतोय, रविवारी येतोय का, ओव्हरटाइम किती झाला, हे त्या पगाराशी ताडूनच बघायचं नाही. हा काही गल्लीतला वडापाववाला नव्हता, टीव्हीवर झळकणारा माणूस होता. तेव्हा "परवडत नाही म्हणून देत नाही" हे वाक्य मी जरा जपूनच ऐकते, विशेषतः ते बोलणारा तिसरी ब्रँच काढत असेल तर.

मी पण इथं शिकायला आले तेव्हा एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये भांडी घासली, नंतर कांदा-टोमॅटो कापायला बढती मिळाली. मालक श्रीमंत, घर मोठं, गाडी मोठी, बोलणं एकदम गोड, "अपना घर समझो बेटा". बँकेत पगार अगदी कायद्याप्रमाणे यायचा आणि दोन दिवसांत त्यातला मोठा हिस्सा एटीएममधून काढून त्याच्या हातात नेऊन द्यायचा, हा नियम. नाही दिला तर पुढच्या आठवड्यात रोस्टरवर, म्हणजे कामाच्या पाळ्यांच्या यादीत, नाव नाही. स्टुडंट व्हिसावर तास मोजून मिळतात, आत्ता पंधरवड्याला ४८, आणि मालकाला पक्कं माहिती असतं की हे पोरगं तक्रार करायला जाणार नाही, व्हिसाची भीती आहे. इथल्या एका मोठ्या दुकानांच्या साखळीत हेच प्रकरण २०१५ मध्ये उघड झालं, त्यात भारतीय विद्यार्थी भरपूर होते, आणि त्यातूनच २०१७ मध्ये कायदा कडक झाला.

त्या बदलातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण मी आता पेरोलचंच काम करते आणि रोज बघते. मालकानं तासांची नोंद ठेवली नाही, पगाराची स्लिप दिली नाही, तर कामगारानं केलेला दावा खोटा आहे हे मालकानं सिद्ध करायचं. म्हणजे वही नसणं हा मालकाचा फायदा राहिला नाही, तोटा झाला. १ जानेवारी २०२५ पासून तर मुद्दाम पगार कमी देणं हा फौजदारी गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. चोरी पूर्ण थांबली असं मी म्हणणार नाही, पण ज्या मालकाला नोंदींची पर्वा नव्हती तो आता अकाउंटंटला आधी तेच विचारतो, हे मी डोळ्यांनी बघतेय.

आणि आपल्याकडं? ग्रुपवर कुणी बोललं नाही म्हणून सांगते, वेतन संहिता २०१९ हा केंद्राचा कायदा नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय आणि त्यात हेच लिहिलंय. वेतनाची स्लिप द्यायची, ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यायचा, आणि पगार कमी दिल्याचा दावा झाला तर पैसे दिले हे मालकानं सिद्ध करायचं. दंड मात्र पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत, जो मोठ्या हॉटेलवाल्याला एका लग्नाच्या ऑर्डरीत सुटतो. ते मला अजिबात पटत नाही.

हायवेवरच्या हॉटेलात काय चालतं ते लहानपणापासून बघितलंय, माझे मामा तिथं वेटर होते. पोरगं कर्नाटकातनं नाहीतर बिहारमधनं येतं, येतानाच घरच्यांना उचल दिलेली असते, मग पहिला पगार मालक स्वतःकडंच अडवून ठेवतो, पळून जाऊ नये म्हणून. ग्लास फुटला, कापला. टेबल बिल न देता उठून गेलं, वेटरच्या नावावर. आजारी पडला तर खाडा. हजेरीची वही गल्ल्याखाली, मालकाच्या हातची, आणि महिन्याच्या शेवटी मालक म्हणेल तेवढे दिवस भरलेले. मामांचे तर एकदा खाडे वाढवून लावले होते, ते आयुष्यभर सांगत राहिले की मी एक दिवस पण घरी नव्हतो. पण दाखवणार काय? झोपायची जागा म्हणजे स्टोअर रूममध्ये तांदळाच्या पोत्यांशेजारी, आणि हीच ती "राहायला देतो" मधली राहायची सोय. ते राहणं मालकाच्याच सोयीचं असतं हो, पहाटे दूधवाला आला तर उठवायला माणूस हाताशी हवा म्हणून.

भाकरीवाल्या मावशींचं तर कुणी नावच घेत नाही. सोलापुरी मटण आणि कडक भाकरी खायला पुण्याहून गाड्या येतात, आणि त्या गर्दीत शेगडीपुढं बसून रात्रभर भाकऱ्या थापणारी बाई कुठल्याच हजेरीत नसते. "ती काय, संध्याकाळची येते" म्हणायचं आणि हातावर नोटा ठेवायच्या.

हे सोलापुरात चालतं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण याच गावानं वेगळं करून दाखवलंय. पूर्व भागातल्या घराघरात विड्या वळणाऱ्या बायका, हजार विड्यांवर मजुरी, कारखानदार छाट काढून, म्हणजे विड्या खराब म्हणून बाजूला टाकून, पैसे कापणार, पण त्या संघटित झाल्या, त्यांना पीएफ मिळाला, मोर्चे काढून काढून २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीला दहा हजार घरं उभी राहिली. विडीचा धंदा काही हॉटेलपेक्षा श्रीमंत नव्हता. फरक एवढाच की त्या बायका इथल्याच होत्या आणि एका गल्लीत राहत होत्या, हॉटेलातलं पोरगं परगावचं, एकटं, आणि मालकाच्याच छताखाली झोपतं. म्हणून त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी बोललं पाहिजे, आणि हॉटेलात जेवणारे आपणच तिथं रोज असतो.

हायवेवाल्या मित्राला मी परवा स्पष्ट लिहिलं. तुझी थाळी महाग कर, मी आले की वाढीव पैसे देईन, पण पोरांचा पगार बँकेत टाक, पहिला पगार अडवू नकोस, आणि हजेरीच्या वहीत रोज रात्री पोरानं स्वतः आल्या-गेल्याची वेळ लिहून सही करायची, मावशींनी अंगठा लावायचा, आणि त्या पानाचा फोटो त्यांच्याच मोबाईलमध्ये राहू दे. त्याचं उत्तर आलं, "मग उद्या ते कामगार आयुक्तांकडं जातील." मी म्हटलं, तू पूर्ण पगार दिला असशील तर जाऊ दे की.