पन्नास हप्त्यांत सक्षम महिला

खेड्यातल्या महिलांचं सक्षमीकरण करायचं मनावर घेतलंच आहे, तर सूक्ष्मकर्जाची, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देणारी कंपनी काढा आणि कर्ज बाईच्याच नावावर द्या. पुरुष हप्ते थकवून गावाबाहेर पसार होऊ शकतो. बाईला घर, पोरं आणि अब्रू टाकून जाता येत नाही. याला अहवालात 'महिलांची पत' म्हणतात. पैसे नवऱ्याच्या मोटारसायकलला गेले तरी काळजी नको, हप्ता तीच भरणार.

तारण मागू नका. पाच जणींचा गट करा आणि एकीचं कर्ज चौघींच्या गळ्यात अडकवा. 'जामीन' म्हणू नका, 'भगिनीभाव' म्हणा. एकीचे पैसे कमी पडले की बैठक उठवायची नाही, एवढंच. तुमच्या माणसाने आवाज चढवायचं कारणच नाही. कामं खोळंबलेल्या चौघी काय बोलायचं ते बोलतात.

व्याज 'सपाट' सांगा. १०,००० वर १२ टक्के, म्हणजे ११,२००. ५० आठवडे, दर आठवड्याला २२४. मुद्दल दर हप्त्याला घटतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत अख्ख्या दहा हजारांवर चालतं, म्हणून खरा वार्षिक दर साडेतेवीसच्या घरात जातो. हे गणित अवघड आहे, बायकांना त्रास कशाला? प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापा. हातात साडेनऊ हजार पडले तरी व्याज दहावरच, म्हणजे दर आणखी चढला.

आता व्यवसाय. शेळी सुचवा, फोटोत छान येते. गाभणकाळ सुमारे १५० दिवस, पहिला हप्ता मात्र पुढच्याच आठवड्यात. आज गाभण राहिलेली शेळी विण्याआधी २१ हप्ते वसूल झालेले असतात. ते आले मजुरीतून, नाही तर दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. तुम्ही विचारू नका. वहीत परतफेड शंभर टक्के आहे ना, मग झालं सक्षमीकरण.

देणगीदारांसमोर बोलताना सुरुवात बांगलादेशात गरीब बायकांना अशी छोटी कर्जं देणारे महंमद युनूस, त्यांची ग्रामीण बँक आणि दोघांना मिळालेल्या २००६ च्या नोबेलने करा. सहा देशांतल्या पाहण्या २०१५ मध्ये एकत्र छापून आल्या, त्यांत कर्जामुळे गरीब घरांचं सरासरी उत्पन्न फारसं हललेलं दिसलं नाही. ते पान वगळा. आणि आंध्र प्रदेशात २०१० मध्ये एकेका घरावर चार-चार कंपन्यांची कर्जं, आत्महत्यांच्या बातम्या, मग सरकारचा अध्यादेश, हे कुणी काढायच्या आत चहा मागवा.