‘दुकानदाराने सांगितलेलं’ म्हणणाऱ्या मिरजकरांना

मिरजकर,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते. पण ह्यांनी लॅपटॉप मिटवला आणि म्हणाले, सकाळी लिही, रात्रीचं लिहिलेलं तिखट होतं. आता सकाळ आहे, चहा झालाय, आणि तिखट तेवढंच आहे.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. गेल्या आठवड्यात मी घरात दोन फुटी माशांची टाकी कशी लावावी आणि कशी सांभाळावी यावर लिहिलं. त्याखाली ‘मिरजकर’ या नावाने एका वाचकाने लिहिलंय: “ताई, लेख छान आहे, पण बराचसा दुकानदाराने सांगितलेलं उतरवून काढल्यासारखा वाटतो. २ बाय १ बाय १ च्या टाकीत ६० लिटर पाणी मावत नाही. नव्या टाकीत दोन गोल्डफिश सोडून महिना काढा हा सल्ला जुना आहे आणि त्या माशांवर अन्याय करणारा आहे. मासे न सोडताही टाकी तयार करता येते. आणि अमोनिया मोजायचं किट न वापरता नुसतं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून टाकी चालवणं म्हणजे डोळे मिटून गाडी चालवण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात तर जास्तच.”

पहिल्यांदा ६० लिटरचं. मान्य. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, दोन घनफूट म्हणजे साडेछप्पन. वर दोन इंच मोकळे सोडले आणि खाली खडी टाकली की प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीसच उरतं. मी ठोकताळ्याने लिहून गेले. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी सुधारते, माझा तसला हट्ट नसतो.

आता ‘छान आहे, पण’. आपल्या भाषेत ‘छान’नंतर ‘पण’ आला की तो ‘छान’ फक्त दारात चपला काढण्यापुरता असतो, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही. ताई म्हणून हात जोडायचे आणि पुढच्याच शब्दात दुकानदाराची हस्तक म्हणायचं, ही कुठली पद्धत? सरळ लिहायचं होतं की बाई, तुम्हाला काही कळत नाही. मी कमी चिडले असते.

दुकानदाराने सांगितलेलं काय असतं ते मी तुम्हाला सांगते, कारण ते ऐकून सोळा मासे मारलेली बाई मी आहे.

२००९ साली मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला आम्ही पहिली टाकी आणली. दुकानाचं नाव लिहीत नाही, ते आता चालू आहे की नाही हेही मला ठाऊक नाही. दुकानदाराने टाकी, खडी, प्लास्टिकचं हिरवं झाड, बुडबुडे सोडणारा शिंपला, फिल्टर आणि बारा मासे एकाच खेपेत दिले. चार गोल्डफिश, चार मॉली, दोन एंजल आणि दोन सकर, ‘काच साफ करतात वहिनी, तुम्हाला काही बघावं लागणार नाही’. त्याच संध्याकाळी पाणी भरलं, त्याच संध्याकाळी मासे सोडले. दर रविवारी सगळं पाणी काढा आणि फिल्टरचा स्पंज स्वच्छ धुवा, असं त्याने बजावलं होतं. मी तशी स्वच्छतेची. तो स्पंज मी नळाखाली धरून पिळून पिळून पांढरा करायचे. एकदा तर भांड्यांचा साबणही लावला होता, हे आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

मासे पाण्याच्या वर तोंड काढून पुटूपुटू करायचे. आम्हाला वाटायचं, भूक लागली असेल. मग आणखी दाणे. तीन आठवड्यांत बाराचे दोन झाले. दुकानात गेले तर त्याने निळं औषध दिलं, पाण्याचा रंग शाईसारखा झाला, आणि आणखी सहा मासे दिले. ते सहाही गेले. त्याचा धंदा मासे विकण्याचा होता, जगवण्याचा नव्हता, आणि त्यात त्याला दोष देण्यासारखंही फार नाही. आम्ही विचारलंच नव्हतं.

यातून सुटका कुठल्या पुस्तकाने केली नाही, ती केली आमच्या मामंजींनी. ते एसटीत हिशेबनीस होते आणि निवृत्तीनंतर त्यांना हिशेबाला काही उरलं नव्हतं. त्यांनी दोनशे पानी वही घातली. ‘ता. ९, पाणी बदलले, स्पंज धुतला. ता. ११, काळी मॉली गेली.’ ‘ता. १६, स्पंज धुतला. ता. १७, दुपारी एंजल गेला, सायंकाळी दुसरा.’ दोन महिन्यांच्या नोंदी झाल्यावर एका रात्री जेवताना ते म्हणाले, “सूनबाई, तू स्पंज धुतेस आणि मासे मरतात.” मी ताटावरून उठले होते. मला तो टोमणा वाटला.

टोमणा नव्हता. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या दाण्यांतून, खरं म्हणजे मोठ्या प्रमाणात माशांच्या कल्ल्यांतूनच अमोनिया पाण्यात जातो. त्याचं नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे, नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. नायट्रोसोमोनास, नायट्रोस्पिरा ही नावं मलाही येतात, मिरजकर. पहिले दोन पदार्थ माशाला मारतात, तिसरा बऱ्याच प्रमाणात चालतो आणि दर आठवड्याला पाव भाग पाणी बदललं की आटोक्यात राहतो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते खडीवर, काचेवर आणि सगळ्यात जास्त त्या तपकिरी, चिकट, मला किळस येणाऱ्या स्पंजात असतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती दर रविवारी क्लोरीनच्या नळाखाली धुऊन गटारात सोडत होते. आता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज दोनदा दाबायचा, चोथा निघाला की बस, पांढरा करायचा नाही. हे मी लेखात लिहिलंय. सांगा बरं, कुठला दुकानदार हे सांगतो? ज्याचा स्पंज विकायचा असतो तो?

आणखी एक. २०१९चा ऑगस्ट आठवतो का? तुम्ही मिरजेचे, तुमच्या भागात पाणी कुठवर आलं मला माहीत नाही. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी कृष्णा ५७ फुटांवर गेली. खालच्या मजल्यावर पाणी शिरायच्या आधी गादी, गॅस, रेशन, मामंजींची औषधं वर नेली. टाकी उचलणं शक्यच नव्हतं. मासे दोन मोठ्या पातेल्यांत काढले, फिल्टरचा स्पंज तिसऱ्यात. शेजारच्या काकू गच्चीवरून बोटीची वाट बघत म्हणाल्या, “माणसं चाललीत आणि हिला मासे सुचतायत.”

वीज आमच्याकडे सहा दिवस नव्हती. एअर पंप बंद. म्हणून दर दोन तासांनी एक मग पातेल्यातलंच पाणी भरून हातभर उंचीवरून परत त्यात सोडायचं, वीस वेळा. पाणी फेसाळलं की त्यात हवा विरघळते. रात्रीची पाळी मुलाची, त्याने मोबाइलची शेवटची बॅटरी गजरासाठी राखली होती. मामंजी टॉर्च धरायचे. आणि सहा दिवस एक दाणासुद्धा घातला नाही, कारण निरोगी मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, पण पातेल्याभर पाण्यात त्याने खाल्लेल्याचा अमोनिया त्याला राहू देत नाही. नऊ मासे होते, आठ वाचले. चिखल काढून टाकी परत भरली तेव्हा तोच जुना स्पंज लावला.

हे सगळं तुम्हाला सांगायची गरज नव्हती. पण ‘उतरवून काढल्यासारखा’ हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून सांगितलं. मी उतरवलंय ते मामंजींच्या वहीतून.

गोल्डफिशच्या मुद्द्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जुना सल्ला जुना आहे म्हणून चुकीचा होत नाही, आपल्या आज्याही जुन्याच होत्या. सोळा मासे मेल्यानंतर आम्ही दुसऱ्यांदा टाकी लावली ती दोन गोल्डफिश सोडूनच, आणि त्यातला एक पुढे सात वर्षं जगला. दुसरा अकराव्या दिवशी गेल्याची वहीत नोंद आहे, पण पुढे कारण लिहिलेलं नाही. त्याला आधीपासूनच काहीतरी असावं. मासे न सोडता बाहेरून अमोनिया घालून किंवा रोज चिमूटभर दाणे कुजायला टाकून टाकी तयार करतात, हे मला माहीत आहे. जरूर करा. पण घरात सहा वर्षांचं पोर रिकाम्या टाकीसमोर महिनाभर बसवून दाखवा आणि मग मला अन्याय शिकवा.

आणि मी लेखात हेही लिहिलं होतं की ओळखीच्या कुणाच्या जुन्या टाकीतला थोडा स्पंज मिळाला तर तो आपल्या फिल्टरमध्ये ठेवा, महिन्याचं काम खूप लवकर होतं. तिथवर तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

किटचं म्हणाल तर, ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावं. माझा लेख दहावीतल्या पोराने पॉकेटमनीतून टाकी आणली तरी उपयोगी पडावा म्हणून लिहिलेला आहे. पंधरा वर्षं मी पाणी डोळ्यांनी बघते, नाकाने हुंगते आणि मासे दाण्याला किती वेगाने येतात त्यावरून ओळखते. डोळे मिटून नाही, उघडे ठेवूनच गाडी चालवते. ती उपमा मला जास्त लागली, कारण मला गाडी चालवता येत नाही हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे.

बोअरचं पाणी. पाण्याचा सामू (पीएच) ७ असेल तर साधारण २५ अंशांना एकूण अमोनियाचा अर्धा टक्काच विषारी रूपात असतो आणि सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, हे मला वाचून माहीत आहे. आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं, रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की माझं काम भागतं. बोअरचं मी एकदाच घातलं, गेल्या उन्हाळ्यात, दोन दिवस नळ आला नव्हता म्हणून. त्या संध्याकाळी पाच गप्पी गेल्या. पण त्या दिवशी उकाडाही भयंकर होता, त्यामुळे कशाने काय झालं ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसंही गप्पी आणि मॉलीला जड, म्हणजे क्षारांचं पाणी मानवतं. गटारात डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्याची माणसं ज्या गप्पी सोडतात त्या काय फिल्टरचं पाणी पितात?

जाता जाता सकरबद्दल, कारण तुम्ही त्याला हातच लावला नाही आणि खरं भांडायचं तर तिथे भांडायला हवं होतं. अंगठ्याएवढा म्हणून घेतलेला सकर फूटभर होतो, कधी त्याहून मोठा, आणि दोन फुटी टाकीत त्याला वळतासुद्धा येत नाही. तेव्हा लोक त्याला पुण्यकर्म म्हणून घाटावर नेऊन कृष्णेत सोडतात. तो दक्षिण अमेरिकेचा मासा आहे, आपल्या नद्यांत तो मरत नाही, उलट ठाण मांडून बसतो. घेऊच नका, आणि घेतलाच असेल तर मोठी टाकी असलेल्या कुणाला तरी द्या. या मुद्द्यावर तुम्ही आणि मी एका बाजूला असू असं वाटतं. निदान असावं.

मामंजी २०२२ मध्ये गेले. वही मी चालू ठेवली आहे, पण माझ्या नोंदी त्यांच्यासारख्या रोजच्या नसतात. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर काल रात्री, लॅपटॉप मिटल्यावर, ती काढून बसले होते. दुसऱ्या टाकीचा पहिला महिना परत वाचला. अकराव्या दिवसाच्या आधीच्या चार ओळींत ‘मासे वर तोंड काढतात’ असं तीनदा लिहिलंय.

प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. ६०चे साडेछप्पन केले आहेत. गोल्डफिशची ओळ काढणार नाही. ‘दोन गोल्डफिश सोडा’च्या आधी ‘दुसरा उपाय नसेल तर’ एवढे तीन-चार शब्द घातले आहेत, ते तुम्ही सांगितलं म्हणून घातले असं कृपया समजू नका.