‘फ्रोझन एम्ब्रियोचा सक्सेस ९५ टक्के’: नक्की कशाचा?

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तोच मेसेज फिरतोय, की आयव्हीएफमध्ये लॅबमध्ये बनलेले एम्ब्रियो (गर्भ) फ्रीझ केले तर सक्सेस ९५ टक्के, फ्रोझन कधीही फ्रेशपेक्षा, म्हणजे न गोठवता लगेच गर्भाशयात सोडलेल्यापेक्षा, भारीच आणि एकदा फ्रीझ केलं की वयाचं टेन्शन संपलं. मी स्वतः आयव्हीएफमधून गेलेय म्हणून लिहितेय, कारण असलं वाचून बायका दागिने मोडतात.

आधी ते ९५. व्हिट्रिफिकेशन, म्हणजे झटक्यात गोठवायची पद्धत, आल्यापासून चांगल्या लॅबमध्ये थॉ केल्यावर, म्हणजे परत वितळवल्यावर, शंभरातले ९५च्या आसपास एम्ब्रियो जिवंत निघतात, हे खरंय. पण तो एम्ब्रियो जगण्याचा आकडा झाला, बाळ घरी येण्याचा नाही. माझंच घ्या ना. तीन ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचेक दिवस वाढलेले एम्ब्रियो, फ्रीझ केले, तिन्ही थॉमधून नीट निघाले, म्हणजे १०० टक्के. पहिल्याला बीटा, म्हणजे प्रेग्नन्सीची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली पण सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोकेच नव्हते. दुसरा निगेटिव्ह. तिसऱ्याचा आमचा लेक. आता बीटावर मोजलं तर ३ पैकी २, बाळावर मोजलं तर ३ पैकी १, आणि एकदा अंडी काढली त्यावर मोजलं तर १ पैकी १. फाईल एकच! आणि माझ्या मावसबहिणीची सगळी इंजेक्शनं झाली, अंडी काढली, पाचव्या दिवशी फ्रीझ करण्यासारखं काही उरलंच नाही, तर ट्रान्सफरमागे, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडण्यामागे, काढलेल्या टक्केवारीत ती कुठेच नाही. पैसे गेले, अंगावर सोसलं आणि हिशोबात नावच नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते हे, की माझ्या वयाच्या किती जणींनी इंजेक्शनं सुरू केली आणि त्यातल्या किती जणींना बाळ झालं.

फ्रोझन नेहमीच भारी? २०१६ची चीनमधली मोठी ट्रायल पीसीओएसवाल्या (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते त्या) बायकांवर होती, त्यात पहिल्या ट्रान्सफरनंतर बाळ झालं ते फ्रोझनमध्ये ४९.३ टक्के आणि फ्रेशमध्ये ४२, ओव्हरी सुजण्याचा त्रासही कमी, पण प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढणं, जास्त. २०१८मध्ये चीन आणि व्हिएतनाममध्ये पीसीओएस नसलेल्यांवर तेच करून पाहिलं तर म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

वयाचं अर्धंच खरं. एम्ब्रियोचं वय अंडी काढली त्या दिवशीचं, चाळिशीत काढलेलं अंडं टाकीत राहून तरुण होत नाही. आणि नऊ महिने काढायचे ते आजच्याच शरीराने, बीपी-शुगरसकट. शिवाय आपल्या २०२१च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार एम्ब्रियो जास्तीत जास्त १० वर्षंच ठेवता येतात, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.